पहिल्या भोकाची माती

माझी मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी अंगणात शिरते, मग घरात. यजमान दारात उभे राहून 'या, या' म्हणत असतात आणि ही कुंडीपाशी उकिडवी बसून चिमूटभर माती बोटांत चोळत असते. माती कोरडी असली तर त्यात थोडं पाणी घालायचं, पाणी नसलं तर थुंकी, आणि मग अंगठा पुढे सरकवत तिची पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली की चिकणमाती, लगेच तुटली की रेताड. कधी कधी तर चिमूट दातांखाली धरून ती करकरते का तेही बघायचं. एवढं झाल्यावर ती हात पँटला पुसते आणि तोच हात यजमानीणबाईंच्या हातात देते. आमच्या नात्यातले काही जण तिला लांबूनच हात जोडतात, ते आदरापोटी नव्हे.

तिची नोकरी माती-सर्वेक्षणाच्या कचेरीत. कुठे शाळा बांधायची असो, फळबाग लावायची असो, नाहीतर सांडपाण्याचा शोषखड्डा खणायचा असो, खालची माती पाणी पिते की नाही हे आधी मावशी सांगणार. त्यासाठी तिच्याकडे एक गिरमिट आहे. सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ शोभेल असं, तिच्या खांद्याएवढं उंच, वर आडवी मूठ. मूठ फिरवत ते जमिनीत घालायचं, उपसायचं, टोकात आलेली माती ओळीने कापडावर मांडायची, की जमिनीच्या पोटात काय आहे ते समोर. मोठं काम असलं तर छातीएवढा खड्डा खणायचा, आत उतरायचं आणि खड्ड्याची भिंत खरवडून थर बघायचे. खरवडायला कचेरीने सुरी दिली आहे. मावशीला सुरी आवडत नाही, तिला चमचा लागतो, आणि चमचे ती आमच्या घरून उचलायची. आईच्या संसारातला पहिलावहिला सहा चमच्यांचा संच, दांड्यावर पाच पाकळ्यांचं फूल. त्यातला एक माझ्या जन्माआधीच नाहीसा झाला. मावशी शपथेवर नाही म्हणायची. आई मात्र पाहुणे आले की फुलांचे पाच चमचे मांडायची, सहावा साधा, आणि तो साधा बरोबर मावशीच्या बशीत ठेवायची.

लग्न तिने केलं नाही. एकदा ठरत आलं होतं म्हणतात. मुलाच्या घरी बोलणी चालू असताना ही मागच्या दारी गेली आणि परत येऊन मुलाच्या आईला म्हणाली, की तुमचे गुलाब वर्षभरात मरतील, मुळांखाली पाणी साचतंय. त्या बाईंना तो शाप वाटला. गुलाब वर्षभरात मेले, पण तोवर मुलाचं दुसरीकडे जमलं होतं. मावशीकडे विषय काढला तर ती अजून गुलाबांबद्दलच हळहळते.

आई तिच्याहून मोठी. आई शिवणकाम करते आणि तिचा स्वभावही तिच्या कात्रीसारखा आहे, एकदा कापलं की कापलं. माझं लहानपण आणि कॉलेजचे दिवस गेले ते शहराच्या अगदी खालच्या अंगाला, एका लाँड्रीच्या मागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. भिंतींना कमरेएवढी ओल. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना पांढरी लव यायची, आणि वह्या उघडताना पानं एकमेकांना सोडायला तयार नसायची. आई गिऱ्हाइकांचं कापड मेणकापडात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. तरी एका वर्षी एका बाईंच्या मुलीचा पांढरा रेशमी कोट, पदवी समारंभासाठी शिवलेला, खाली काढला तर पाठीवर काळे ठिपके. आईने पदरमोड करून नवं कापड आणलं, कोट पुन्हा शिवला, माफी मागितली. बाई समजूतदार होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, पण पुन्हा कधी आल्याही नाहीत. आईला मी रडताना पाहिलं ते तेव्हाच. त्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला, की घर हवं ते उंचावर.

तिचा हिशेब सरळ होता. पाणी खाली वाहतं, म्हणजे वर कोरडं. बाबा तिला दुजोरा द्यायचे, म्हणजे मान हलवायचे. बाबा औषधाच्या दुकानात कामाला आहेत, आणि दोन बहिणींच्या मधे पडायचं नाही हे औषध त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी स्वतःपुरतं शोधून काढलं होतं. त्यांची मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे आजवर दोघींपैकी एकीलाही नक्की सांगता आलेलं नाही.

शहराच्या वरच्या अंगाला एक टेकडी आहे, आणि तिच्यावर तेव्हा नवे प्लॉट पडत होते. आईने टेकडीचा विषय काढला की मावशी कपाळाला हात लावायची. त्या टेकडीची माती वरून सालस, ती सांगायची. वरची हातभर भुसभुशीत, तपकिरी, बघून कुणीही फसावं. त्याखाली मात्र एक थर आहे, इतका घट्ट की झाडांची मुळं तिथवर पोचली की आडवी वळतात. पावसाचं पाणी वरच्या मातीत शिरतं, त्या थरावर येऊन बसतं, आणि खाली जायला वाट नाही म्हणून थरावरून सरकत, गवताच्या खालून, उताराला लागतं. उंचावर असूनही सगळा पावसाळाभर टेकडी फुगलेली. वाळली की तीच माती विटेसारखी कडक.

"ओली असताना पाय बुडतो, वाळली की कुदळ वाकते," मावशी म्हणायची. "मधले आठ-पंधरा दिवस काय ती माणसात असते."

प्लॉट विकणारे अर्थातच गिऱ्हाइकाला कोरड्या महिन्यांत वर नेतात. पण चिखल वाळला तरी रंग वाळत नाहीत. जिथे दरवर्षी पाणी बसतं तिथली माती करडी पडते आणि त्या करड्यात गंजाचे नारिंगी ठिपके उठतात. ते कुठल्याही महिन्यात दिसतात. असे ठिपके दाखवून मावशीने कितीतरी लोकांना टेकडीवरून परत पाठवलं होतं. टेकडीवर राहणारा आमच्या ओळखीचा माणूस एकच, रंगारी. टेकडीवर त्याचं मन जडलेलं, कारण दर पावसाळ्यानंतर शेजारच्या प्रत्येक घराची एक तरी भिंत सोलून निघायची आणि त्याला लांब कुठे कामाला जावं लागायचं नाही.

पण मावशीला हेही माहीत होतं, की टेकडी सगळीकडे सारखी नाही. मधेच एखादा पट्टा असा लागतो की खालचा थरच नाही, माती खोलवर तपकिरी, पाणी सरळ खाली. नोकरीच्या सुरुवातीला, टेकडीवर नुसतं गवत होतं तेव्हा, तिने साहेबांच्या हाताखाली तिथे खंडीभर खड्डे खणून पुन्हा बुजवले होते आणि असा एक पट्टा डोळ्यांनी पाहिला होता. हे तिने आईला सांगितलं. आईने सगळ्या व्याख्यानातलं तेवढंच ऐकलं, आणि मग मावशीच्या मागे लागली, की मला तो पट्टा शोधून दे.

मावशी भाबडी नव्हे, पण आईपुढे तिचं काही चालत नाही. लहानपणी तिला आंघोळ घालणारी, शाळेत सोडणारी ही ताईच. एका कडक उन्हाच्या सकाळी दलालाबरोबर आम्ही सगळे टेकडीवर गेलो. प्लॉट नजरेत भरणारा होता. खाली सगळं शहर, आमच्या लाँड्रीची चिमणीसुद्धा दिसत होती, आणि आई तिच्याकडे असं बघत होती की जणू जुन्या घरमालकालाच वरून बघते आहे. मावशीचा नियम तीन भोकांचा. उताराच्या वर एक, मधे एक, खाली एक. तिन्ही जुळली तरच तोंड उघडायचं. तिने वरच्या बाजूला गिरमिट टेकवलं तर ते विटेवर घासल्यासारखं किंचाळलं आणि आत जाईना. प्लॉटच्या मधोमध मात्र एक हिरवट तुकडा होता, आजूबाजूचं गवत करपलेलं असताना तिथलं ताजं. ती तिथे गेली. गिरमिट सुळकन आत गेलं.

माती तपकिरी निघाली. पुढचीही तपकिरी, त्यापुढचीही. मावशी उपसत होती, कापडावर ओळ लांबत होती, आणि आई शेजारी गुडघ्यांवर बसून श्वास धरून बघत होती. गिरमिट मुठीपर्यंत गेलं तरी करडा थर लागला नाही. मावशीने माती चोळली, पट्टी काढली, दातांखाली धरली. मग तिने आईकडे पाहिलं, आणि तिचा सगळा चेहरा हसला.

"ताई, लागला गं पट्टा," ती म्हणाली. "तुझाच होता."

आईने तिला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची सवय नाही, त्यामुळे नंतर दोघींनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना. दलाल भला माणूस होता, त्याने आपणहून सांगितलं की बाई, आणखी भोकं पाडायची असली तर पाडा, मी सावलीत बसतो. मावशी म्हणाली, नको, झालं. आणि त्याच महिन्यात आईबाबांनी होती नव्हती ती शिल्लक मोडून तो प्लॉट घेतला.

पावसाळा चांगला मुरल्यावर आम्ही गवंड्याला घेऊन वर गेलो, घराची आखणी करायला. मावशीही होती. रस्ता सोडून प्लॉटवर पाऊल टाकलं तसं गवत पायाखाली स्पंजासारखं दबलं आणि बुटांभोवती पाणी आलं. कडेला लव्हाळा उगवला होता, जो एरवी तळ्याकाठी उगवतो. वातावरण हलकं करावं म्हणून बाबा आपले पुढे झाले, कौतुकाने थेट मावशीच्या भोकाच्या जागी जाऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, इथे तुझं शिवणाचं मशीन ठेवू. वाक्य पुरं व्हायच्या आत ते गुडघ्यापर्यंत खाली गेले. गवंड्याने आणि मी त्यांना उपटून काढलं. बाबा आले, त्यांचा एक बूट आला नाही. शेजारच्या ओसरीत रंगारी चहा पीत उभा होता, त्याने कप उंचावून आमचं स्वागत केलं.

मावशीने गिरमिट काढलं. तिने वर भोक पाडलं, खाली पाडलं, डावीकडे, उजवीकडे, कुठे कुठे पाडलं. जमीन आता मऊ होती, गिरमिट मुकाट आत जात होतं. हातभर तपकिरी, आणि मग सगळीकडे तेच करडं, तेच नारिंगी ठिपके, त्याखाली तो घट्ट थर. भोकांच्या कडेने पाणी झिरपून भरत होतं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला तिची दया आली. आईचा चेहरा पाहिला आणि दया करायची हिंमत झाली नाही.

"परक्यांना तीन भोकं," आई म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीला एक."

त्यानंतर आई मावशीशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. मावशी घरी आली तर चहा मिळायचा, साखर बरोबर असायची, फक्त आई तिच्याशी बोलायची ती माझ्यामार्फत. तिघी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि आई मला सांगायची, "तुझ्या मावशीला विचार, छत्री आणली आहे का." मावशी मला सांगायची, "ताईला सांग, आणली आहे." मी मान इकडून तिकडे फिरवत निरोप पोचवायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मान दुखायला लागली, आणि हसूही येईना.

मावशीला झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीने. सगळा प्लॉट करडा, तर तेवढं एक भोक तपकिरी का? एका रविवारी ती बादली आणि फावडं घेऊन एकटीच वर गेली, तिथलं पाणी उपसलं आणि खणत सुटली. आधी बाबांचा बूट निघाला. मग तिच्या लक्षात आलं, की आपण खणतोय त्याला कडा आहेत. सरळ, चौकोनी कडा. कडेच्या बाहेर शहाण्यासारखे एकाखाली एक थर, आणि कडेच्या आत सगळं कालवलेलं. हा कुणीतरी पूर्वी खणून बुजवलेला खड्डा होता. कुणी खणला होता, ते तळाशी कळलं. तिथे एक चमचा होता, काळा पडलेला, दांड्यावर पाच पाकळ्यांचं फूल.

ती तशीच, चिखलाने माखलेली, आमच्या घरी आली. चमचा आईच्या टेबलावर, कापडाच्या तुकड्यांमध्ये ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खड्डा तिचाच, नोकरीच्या पहिल्या वर्षातला. तेव्हा रस्ता नव्हता, घरं नव्हती, जागा ओळखायला काही खूणच उरली नव्हती. खणताना घट्ट थर फुटला आणि बुजवताना वरची माती खाली गेली, म्हणून गिरमिट सुळकन गेलं आणि माती तपकिरी निघाली. खड्ड्याचा हौद झाला होता, आजूबाजूचं पाणी त्यात उतरून बसायचं, म्हणून तर सगळं गवत करपलं तरी तिथलं हिरवं. हिरवं का, हे विचारायला ती कचेरीत येणाऱ्या नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते. त्या दिवशी तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"आणि एक करडा खडा आला होता, ताई," ती शेवटी म्हणाली. "ठिपक्यांचा. बोराएवढा. मी तो टाकून दिला."

हे तिने सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. आईने मशीन थांबवलं. चमचा उचलला, फुलावरून अंगठा फिरवला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"मावशीला सांग," ती मला म्हणाली, "चमचा मिळाला."

आता पुढे काय, हा प्रश्न होता. बाबांनी अतिशय हळू आवाजात सुचवलं, की ऊन पडलं की आपणही प्लॉट विकून टाकावा, दलाल तयार आहे. आईने ते तिथल्या तिथे उडवून लावलं. आपल्या गळ्यातली धोंड दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मला झोप लागणार नाही, असं तिने मला सांगितलं, बाबांना सांगण्यासाठी. तोवर तिला सगळ्यांशीच माझ्यामार्फत बोलायची सवय जडली होती. त्यावर मावशीचा निरोप आला, अर्थात माझ्याचकडे. घर तिथेच होईल. मात्र पाण्याला आधी दुसरी वाट दाखवावी लागेल.

वाट म्हणजे चर. टेकडीचं पाणी थरावरून सरकत खाली येतं, तर ते घराखाली येण्याआधीच अडवायचं. प्लॉटच्या वरच्या अंगाला आडवा चर खणायचा, थेट त्या घट्ट थरापर्यंत, वीतभर थरातही. तळाला भोकांचा पाइप, त्यावर खडी, आणि पाइपचं तोंड घराला वळसा घालून रस्त्याच्या गटारात. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात जमीन ओली असताना चराच्या कडा ढासळायच्या आणि वाळल्यावर पहारीला दाद द्यायच्या नाहीत. मावशीने ते मधले, माती माणसात असायचे दिवस धरले, कचेरीतून रजा काढली आणि एक मजूर घेऊन कामाला लागली. मी शनिवार-रविवार जायचे. तिसऱ्या रविवारी रंगारीही पहार घेऊन हजर. तो म्हणाला, आमच्या पोटावर पाय आणताय तो निदान नीट आणा, आणि मजुराहून जास्त खणून गेला.

चर खणतानाच मला कळलं, की मावशीचं काहीतरी बिनसलंय. ती दर दोन पावलांवर गिरमिट घालून थर कुठे आहे ते पाहायची, पुन्हा पाहायची, आणि मग मला विचारायची, तुला काय वाटतं. मला काय वाटणार? मी बँकेत नोकरी करते. कचेरीतही तिचं तेच चाललं होतं. तीन भोकांच्या जागी ती सात-आठ पाडायची, अहवाल रखडायचे. एकदा चहा पिताना ती म्हणाली, की पट्टी काढते पण आता बोटांचं खरं वाटत नाही. साहेबांकडे तिने अर्ज दिला होता, मला आत प्रयोगशाळेत घ्या, बाटल्या भरायचं काम द्या, बाहेरचं नको. आईला सांगू नकोस म्हणाली. मी आयुष्यात पोचवलेल्या निरोपांत हा एकच निरोप मी मुद्दाम सांगायचा नाही असं कबूल केलं, आणि घरी जाऊन लगेच आईला सांगितला. आईचे टाके वाकडे आले, कारण तिने ते उसवून पुन्हा घातले.

घर उभं राहिलं. जोतं मावशीने गवंड्याशी हुज्जत घालून एवढं उंच करून घेतलं, की बाबा म्हणाले आता आत जायला तिकीट ठेवा. शोषखड्डा जमिनीत नाही, तर बाहेरून रेताड माती आणून रचलेल्या उंचवट्यात केला. आम्ही कोरड्या महिन्यांत राहायला गेलो आणि कुणीही काही बोललं नाही, कारण त्या टेकडीवर कोरड्या महिन्यांत सगळीच घरं चांगली असतात.

मग पावसाळा आला, आणि त्या वर्षी तो रेंगाळला. रंगाऱ्याच्या शेजारच्या घराची भिंत नेहमीप्रमाणे सोलून निघाली. आमच्या चराच्या पाइपातून मनगटाएवढी धार दिवसरात्र गटारात पडत होती, आणि ती बघायला मावशी दर रविवारी यायची, छत्री धरून पाइपाच्या तोंडाशी उभी राहायची, भिजूनच आत यायची. आई तिला टॉवेल द्यायची, म्हणजे मला द्यायची, तिला देण्यासाठी. घर कसं आहे हे मावशी कधी विचारायची नाही. भिंतीला हातही लावायची नाही.

पावसाळा सरत आला त्या एका रविवारी आईने जमिनीवर ठेवलेली ट्रंक उघडली. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिने तिच्यात पांढऱ्या रेशमाचा आख्खा तागा ठेवला होता, मेणकापड न गुंडाळता, तळाला, जमिनीला सगळ्यात जवळ. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने तो खिडकीपाशी नेला आणि हात हात करून उलगडत गेली. मावशी टॉवेल गळ्यात घालून दाराशी उभी होती आणि पांढऱ्यावर ठिपके शोधत होती. मीही शोधत होते. बाबा कपाटाकडे बघत होते. तागा संपला. एक डाग नव्हता.

आईने कापडाची घडी घातली, ड्रॉवर उघडला आणि तो चमचा काढला. घासून लखलखीत केलेला होता, तरी फुलाची एक पाकळी झिजून गेली होती.

"त्या दिवशी पहिल्याच भोकातून तपकिरी माती आली, तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "माझ्याहून तुलाच जास्त आनंद झाला होता."

मी सवयीने मावशीकडे मान वळवून निरोप सांगायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं, की आई माझ्याकडे बघतच नव्हती.

"वर्षभर मी म्हणत राहिले, परक्यांना तीन आणि मला एक," आई म्हणाली. "छोटे, तू माझ्यासाठीच त्या एका भोकावर थांबलीस ना?"

मावशीने टॉवेलने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"मला दुसरं भोक बघायचंच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "भीती वाटली, त्यात करडं निघेल."

आईने तिच्या हातात चमचा ठेवला. हा घेऊन जा, ती म्हणाली, उरलेल्या पाचांत आता तो शोभत नाही. आणि साहेबांकडे पडून असलेला तो अर्ज उद्या परत घे, बाटल्या भरणं हे तुझं काम नव्हे. मावशीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. चमचा पँटच्या खिशात टाकून ती बाहेर गेली, जोत्याच्या कडेला उकिडवी बसली, आणि चिमूटभर माती घेऊन तिची पट्टी काढू लागली. आई छत्री घेऊन तिच्या मागोमाग गेली आणि तिच्या डोक्यावर धरून उभी राहिली.